अण्णांची बशी

ईट, मंगळवार, संध्याकाळ

सकाळी अण्णांचा चहा परत बशीच्या बाहेर सांडला. एक डोळा गेल्यापासून त्यांना अंतरच कळत नाही. अन् मी कामासाठी दिवसभर तेच मोजतोय, फोटोंवरून. एकच कॅमेरा वीतभर सरकवून दोन फोटो काढायचे. जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी; त्यावरून अंतर काढायचं. आज फोटोंची एकही जोडी जुळली नाही. वैतागात बोलून गेलो, "अण्णा, ओतताना मान जरा इकडं-तिकडं हलवत जा."

"म्या काय नंदीबैल हाय व्हय?"

वडिलांना कशाला शिकवायला गेलो?

मघाशी पाणी प्यायला आत गेलो. अण्णा एकटेच बशीपुढं बसलेले. मान हळूच डावीकडं, मग उजवीकडं. चहा बरोबर बशीत पडला.

पाय न वाजवता मागं फिरलो. तहान तशीच आहे.