दाराजवळची खाट

न्यूयॉर्क, ऑक्टोबर १९१८

प्रिय आईस,

तुझी डीलिया बरी आहे. फ्लूची साथ मोठी आहे, पण आमच्या या सरकारी इस्पितळाने कॉलराही पाहिलाय. तेव्हापासूनची इथली रीत आहे. जो वाचणार नाही त्याची खाट दाराशी आणायची, म्हणजे नंतर सगळ्या वॉर्डातून न्यावं लागत नाही. पेशंटने विचारलं, की आम्ही नर्सा सांगतो, "तिथे हवा छान येते."

बटाटे काढून झाले का? साथ सरेपर्यंत धाकट्या फर्गसला बाजारात पाठवू नकोस.

मला जरा ताप आहे, म्हणून कालपासून मीही वॉर्डातच आहे. खिडकीशी, दारापासून लांब.

आत्ताच मोठ्या सिस्टर येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेल्या. म्हणाल्या, "डीलिया, तुझी खाट दाराशी घेऊ या. तिथे हवा छान येते गं."

मी काही विचारलंही नव्हतं, आई.

तुझीच,
डीलिया