आधीचंच उत्तर

रविवार, १२ तारीख, दुपार

प्रिय ताई,

'तू बरी असशील' असं लिहायची पद्धत आहे, पण तू बरी नाहीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते वाक्य गाळते. मी ठीक. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे 'आता माझा राहिलेलाच नाही', पण त्याच गुडघ्याने ती तीन जिने चढून वरच्या शेजारणीशी भांडून येते. म्हणजे तीही ठीकच म्हणायची.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. फोन केला की भावोजी उचलतात आणि "ती झोपलीये" म्हणतात. मी दोनदा घरी येऊन गेले, तर दोन्ही वेळा ते समोरच्या खुर्चीवरून हलले नाहीत. तू चहा केलास, साखर घालायला विसरलीस, आणि ते लक्षात आल्यावर इतकी घाबरून माझ्याकडे बघायला लागलीस की मी तो तसाच घशाखाली घातला. वर मीच "फक्कड झालाय" म्हणाले. मग उकाड्याबद्दल बोलून परत आले. माझ्यासारख्या बडबडीची दातखीळ बसली होती, म्हणून हा कागद. आईच्या हाती देतेय. तू एकटी असशील तेव्हाच द्यायचा, असं तिला बजावलंय. आत काय आहे ते सांगितलेलं नाही.

तू नेहमी विचारायचीस, "दिवसभर त्या ऑफिसात करतेस तरी काय?" मी म्हणायचे, "यंत्रांचा छळ." आज नीट सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल.

तुमच्या वॉर्डातले, शिरेतून ठरल्या वेगाने औषध सोडणारे पंप आमच्याकडे बनतात हे तुला माहीतच आहे. तुझ्याच शब्दावर मेट्रनबाईंनी ते घेतले. हे पंप बाहेर जाण्याआधी आम्ही ते तपासतो. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. त्याला स्क्रिप्ट लिहून द्यायची, म्हणजे एकाखाली एक हुकूम: पंप चालू कर, वेग कमी कर, वीज तोड, थांब. ते बिचारं मुकाट्याने एकेक ओळ करत जातं. पण आमच्या पंपाशी बोलायचं कसं, हे त्याला येत नाही. ते आपणच शिकवायचं. तशा काही घरच्या कमांड आम्ही करून ठेवल्यात आणि त्यातली सगळ्यात कामाची म्हणजे 'पंपाला विचार'. तिने पंपाला विचारायचं, 'आत्ता खरोखर किती औषध सोडतोयस?', आणि येईल ते उत्तर एका खणात ठेवायचं. पुढची ओळ तो खण उघडते. आत हवा तो आकडा असला तर चाचणी हिरवी, नाहीतर लाल. पंपाकडे आमच्यातलं कोणी बघत नाही. खणात काय पडलंय तेवढंच बघतो.

तुझ्या वॉर्डातले ते घड्याळवाले आजोबा गेले आणि रुग्णालयाने कंपनीला विचारलं, यंत्रात काही दोष आहे का. मोठ्या साहेबांनी सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायला लावल्या. एकूण एक हिरव्या. तसा अहवाल गेला, आणि त्याच्याच जोरावर चौकशीवाल्यांनी तुला समोर बसवून विचारलं, "सिस्टर, यंत्र निर्दोष आहे, मग औषध इतकं गेलं कसं?" तू दर वेळी एकच सांगत राहिलीस. आजोबांचा श्वास मंदावल्यासारखा वाटला, म्हणून तू वेदना थांबवणाऱ्या औषधाचा वेग कमी केलास. स्क्रीनवर नवा आकडा डोळ्यांनी बघितलास. मग दिवे गेले, लगेच आले, आणि तू पलीकडच्या खाटेकडे वळलीस.

आता आई सांगते की तू ते म्हणायचं सोडलंस. भावोजींनी निवेदन तयार करून आणलंय: सलग पाळ्या झाल्या होत्या, थकले होते, वेग कमी करायचा विसरले असेन. बुधवारी सही. सौम्य शिक्षेवर निभावेल म्हणे. आणि तू आईला म्हणालीस, "विसरलेही असेन गं, मला साधी चहातली साखर आठवत नाही."

ताई, सही करू नकोस. बाकीचं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, पण ती सही करू नकोस.

कारण सांगते. मागच्या आठवड्यात मी तीच चाचणी चालवत होते: वेग कमी करायचा, पंपाला विचारायचं, वीज तोडून परत द्यायची, पुन्हा विचारायचं. शेजारी बसणाऱ्या दाढीवाल्याला एक केबल हवी होती. त्या आंधळ्याने माझ्याच पंपाची उपटली. "अरे गाढवा, माझी चाचणी!" म्हणून मी ओरडले, तो "सॉरी सॉरी" करत राहिला, आणि आम्ही दोघांनी स्क्रीनकडे बघितलं तर चाचणी हिरवी. पंप जोडलेलाच नव्हता, ताई. पंपाला विचारलं आणि उत्तर बरोबर आलं! दाढीवाला हसायला लागला. मीही हसले. मग माझं हसू थांबलं.

मी ती कमांड उघडून बघितली. आत कोणीतरी एक ओळ घातली होती. पंपाकडून उत्तर आलं नाही तर ओरडायचं नाही, खणात आधीचं उत्तर असेल तेच राहू द्यायचं. वीज तोडण्याआधी पंपाला एकदा विचारलेलं असतं आणि तेव्हाचं उत्तर अर्थातच बरोबर असतं. वीज गेल्यावर पंप मुका झाला तरी खणात ते जुनंच पडून राहतं. पुढची ओळ खण उघडते, समाधानाने मान डोलावते आणि हिरवा दिवा लावते.

ज्याने हे केलं तो काही दुष्ट नव्हता. पंपाचं उत्तर कधीकधी उशिरा यायचं, त्यामुळे रोज सकाळी आमच्याकडे खोटे लाल दिवे लागायचे. मोठे साहेब ओरडायचे, सगळे धावायचे, बघावं तर काही नाही. पंप बाजारात पाठवायची घाई होती. त्या कटकटीला कंटाळून त्याने ती ओळ घातली आणि दुसऱ्या दिवसापासून शांतता झाली. आम्ही त्याला टाळ्या वाजवल्या होत्या. मीसुद्धा.

मी ती ओळ काढली आणि उत्तर येईपर्यंत थांबायला सांगून चाचणी पुन्हा चालवली. लाल. वीज तुटून परत आली की पंप थोडा वेळ गप्प बसतो आणि मग जुन्या, मोठ्या वेगाने औषध सोडायला लागतो. वर स्क्रीनवर मात्र तू घातलेला नवाच आकडा दिसत राहतो. पुन्हा चालवली. पुन्हा लाल. तू वेग कमी केला होतास, ताई. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

बघ, एवढं लिहून झालं तरी कोणी केलं ते लिहायला हात धजत नाही. ते माझ्या वरचे साहेब आहेत. मला त्या नोकरीत त्यांनी लावलं. माझं पोट दुखलं तरी सुट्टी तेच मंजूर करतात. ती ओळ भावोजींनी घातली.

मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "भावोजी, ती कमांड." त्यांनी पुढे विचारलंच नाही, कुठली म्हणून. रुग्णालयाचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी ती उघडून बघितली होती. म्हणजे तुला समोर बसवून 'विसरले असेन' लिहायला लावलं, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. कठड्याला टेकून मला म्हणाले, "हे बघ, तिला सोडतील. थकलेली नर्स म्हटलं की लोकांना दया येते. मला कोण सोडेल? घर कोण चालवणार? तुझीही नोकरी इथेच आहे. थोडे दिवस गप्प बस, मी करतो काहीतरी." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची दया आली आणि मी गप्प बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तरी बोलायचं कुणाला! पण चोर सोडून संन्याशाला फाशी होताना बघायची, आणि तो संन्यासी आपली बहीण, हे माझ्याच्याने होत नाही.

तू म्हणशील तेव्हा चौकशीपुढे येईन. दोन्ही चाचण्या त्यांच्यासमोर चालवून दाखवीन, भावोजींच्या ओळीसकट आणि तिच्याशिवाय. नोकरी जाईल. जाऊ दे. तुझा संसार मोडतेय का, हा विचार करून करून डोकं शिणलं, पण तो विचार त्यांनी आधी करायला हवा होता.

चार घास खात जा. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, फक्त सही करू नकोस.

तुला लहानपणापासून छळत आलेली आणि आता सगळ्यात जास्त छळणारी,
तुझी चिंगी


गुरुवार, १६ तारीख

चिंगे,

आईने पत्र काल संध्याकाळी दिलं, मी सही करून घरी आल्यावर. तिला वाटलं, पोर आधीच इतकी धास्तावलेली, ते सहीचं एकदा उरकू दे, मग निवांत वाचेल. तिच्यावर चिडू नकोस. तू तिला आत काय आहे ते सांगितलं नव्हतंस.

उभ्यानेच वाचलं. पहिल्यांदा काय वाटलं ते सांगू? आनंद झाला. एक माणूस गेलं आणि मला आनंद झाला, की माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तुझ्या भावोजींचं मग डोक्यात शिरलं. अजून पुरतं शिरलेलं नाही. ते आतल्या खोलीत बसलेत. मी ते दार उघडलेलं नाही.

मग पत्र पुन्हा वाचलं. एक गोष्ट शोधत होते. माझी सही आहे, माझं नाव आहे, तुझी नोकरी, त्यांचं घर, माझा संसार, सगळं आहे. चिंगे, ते पंप अजून वॉर्डात चालू आहेत, हे कुठे आहे? तुम्ही दोघं एवढे हुशार. लाल दिवा बघून त्यांना ते स्वतः आठवले, तुला मी आठवले. खाटेवरचं माणूस दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

मी तशीच निघाले. मला वॉर्डात पाय ठेवायची बंदी आहे. मेट्रनबाई दारातच भेटल्या. "सिस्टर, तुम्ही इथे यायचं नाही." मी म्हटलं, "बाई, मला खुशाल बाहेर काढा, पण आधी सगळे पंप काढा." पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दारातच वाचून काढलं. मग आम्ही दोघींनी एकेक खाट घेतली, पंप सोडवले आणि थेंब मोजून हाताने सलाईन लावली. सगळ्या वॉर्डांतले पंप सुटले तेव्हा उजाडलं होतं.

त्यानंतर बाईंनी मला सांगितलं. सोमवारी बायकांच्या वॉर्डात एक जण गेली. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, दुसऱ्या दिवशी घरी जायची होती. दिवे त्या दिवशीही गेले होते. पाळीवर नवी सिस्टर होती, मीच शिकवलेली. वेग कमी केला होता असं सांगत होती. काल माझ्या सहीचं तिच्या कानावर गेलं. ताईंसारख्या ताई विसरतात, तर आपणही विसरलो असू, असं म्हणून आज सकाळी तीही लिहून द्यायला बसली होती. तिच्या हातातलं पेन मी काढून घेतलं.

चौकशीवाल्यांनी उद्या अकराला बोलावलंय. माझी सही मी परत घेणार आहे. तू ये, दोन्ही चाचण्या घेऊन ये. तिथे त्या गेलेल्या बाईचा नवराही असेल. तू रविवारी लिहायला बसलीस तेव्हा त्याची बायको जिवंत होती. हे त्याला मी सांगणार नाही. ते त्याला तुलाच सांगावं लागेल.

आईला बरोबर आणू नकोस. पत्र रविवारपासून तिच्याकडे होतं.

ताई