सासूबाईंची खार

११ फेब्रु., मंगळ.
खारीने उशी पुन्हा फाडली. कापूस खिडकीपासून पलंगापर्यंत. सासूबाई हसत होत्या. डावा हात गेल्या वर्षीच्या झटक्यापासून गेलेलाच, उजव्याने करून दाखवत होत्या, खारीने तोंडात कापसाचा गोळा कसा भरला आणि ग्रिलमधून कशी पळाली. स्वतःच्या ताटातला पोळीचा तुकडा तिच्यासाठी खिडकीत ठेवतात. तिला 'बाय' म्हणतात. ये गो बाय, खा गो बाय.
मला एकतीस वर्षांत कधी म्हटलेलं आठवत नाही.
तीन पट्ट्यांची आहे. अजून शाळेत शिकवत असते तर फोटो काढून मुलांना दाखवला असता.

१३ फेब्रु., गुरु.
समोरच्या ग्रिलवरच्या वेलात बुलबुलचं घरटं होतं. खारीने आज अंडं खाल्लं. दोन्ही हातांत धरून, बिस्कीट खावं तसं. बुलबुल डोक्यावर ओरडत होते, हिची शेपटीसुद्धा हलली नाही. खारी अंडी खातात हे वर्गात एकवीस वर्षं सांगितलं, बघितलं आज.
सासूबाईंनी पण बघितलं. मग माहेरची गोष्ट काढली. संगमेश्वरकडे त्यांच्या बागेत शेकरं नारळ पोखरायची. शेकरू एकाच राईत चार-पाच घरटी बांधतं, पिल्लं त्यातल्या एकातच असतात. कुठल्या ते त्यांचे वडील बघत बसायचे नाहीत. गडी चढवून सगळी पाडायचे. खाली कुत्रे असायचे. एवढं सांगून चहा मागितला.

१७ फेब्रु., सोम.
हवेच्या गादीची नळी कुरतडली. रात्रभर गादी बसलेली, सकाळी कुशीवर केलं तर कमरेखालची जखम परत लाल. दोन महिने ड्रेसिंग करून भरत आणली होती.
विलास म्हणाला आईची खिडकी बंद ठेव. बंद केली तर सासूबाईंनी स्टीलचा पेला फेकला, माझ्या खांद्याला लागला. विलासने बघितलं, बूट घातले, तुर्भ्याला कंपनीत गेला.
खारघरला नणंदेला फोन केला, आठ दिवस आईंना ने म्हटलं. मीना म्हणाली, अगं आमच्याकडे सगळेच कामाला जातात.
मीपण जात होते.

१९ फेब्रु., बुध.
शिवजयंती, विलासला सुट्टी. वॉचमनकडून उंदराचा पिंजरा आणला. भाजलेले शेंगदाणे लावून स्वयंपाकघराच्या बाल्कनीत ठेवला, सासूबाईंना दिसू नये म्हणून. अकराला खटका पडला.
आत उलटीसुलटी धडकत होती. मग मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे सळ्यांवर. पोट दिसलं. स्तन सुजलेले, भोवतीचे केस गेलेले. दूध पाजणारी आहे हे सातवीच्या मुलीनेही ओळखलं असतं.
विलास स्कूटरची किल्ली घेऊन उभा. काय झालं म्हणाला.
काही नाही, जा, म्हटलं.
खाडीजवळ कांदळवनाच्या कडेला सोडून आला. येताना मेदूवडे आणले. मी दोन खाल्ले. हे सगळं लिहून ठेवते आहे, कारण तोंडाने कोणालाच सांगणार नाही.

२० फेब्रु., गुरु.
पोळीचा तुकडा वाळून गेला. सासूबाई सकाळपासून मान वळवून खिडकीकडे. येईल म्हणत होत्या.
दुपारी म्हणाल्या, "पोरं रडताहेत."
आवाज होता. बारीक, ओल्या बोटाने काच घासल्यासारखा. त्यांच्या पलंगाच्या वर जुन्या एसीची खोबण आहे. एसी काढल्यावर आतून प्लाय ठोकला, बाहेरच्या बाजूने भोक तसंच राहिलं. तिथून.
"शेजारचा टीव्ही आहे," मी म्हटलं.
"टीव्ही न्हवं गो. वर बघ. पोरं हायत."
मी टॉवेलच्या घड्या करत राहिले.
संध्याकाळपर्यंत दहा वेळा तेच. विलास आल्यावर त्याला सांगितलं त्यांनी. कंपनीतल्या मशीननी त्याचे कान अर्धे गेलेत. प्लायला कान लावून उभा राहिला, मग मला विचारलं, तुला ऐकू येतंय का काही? नाही म्हटलं. मला त्याच वेळी येत होतं.
त्याने मीनाला फोन लावला. ती म्हणाली तिच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं, आवाजच ऐकू यायचे. मग डॉक्टरांना फोन. त्यांनी झोपेची गोळी सांगितली. साडेआठला दिली. गोळी गिळताना सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

२१ फेब्रु., शुक्र. सकाळी
अजून गुंगीत. तोंड उघडं, लाळ उशीवर. डोस जास्त वाटतोय. विलासला सांगितलं नाही.
वरचा आवाज कालच्यापेक्षा कमी. काल एकात एक मिसळलेले होते, आज एकच, तोही थांबून थांबून.
स्क्रूड्रायव्हर टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. चार स्क्रू. पाच मिनिटांचं काम. उघडलं तर मला ऐकू येत होतं हे कबूल करावं लागेल, असं स्वतःला सांगते आहे. ते अर्धंच खरं. काल त्या एकदा मला विचारत होत्या, एकदा विलासला, आणि कोणी त्यांचं खरं मानत नव्हतं, ते बघायला मला बरं वाटत होतं.
माझी आई साताऱ्याला शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा भावाचा फोन सासूबाईंनी घेतला. मीनाच्या लग्नाची खरेदी चालली होती. मला चार दिवसांनी सांगितलं. मी पोचले तोवर आईला नेलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, जाऊन तू काय वाचवणार होतीस?

त्याच दिवशी, दुपारी
पलंगामागच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग वर प्लायच्या फटीत चाललेली. तेव्हा उघडलं.
आत उशीचा कापूस, काथ्या, माझ्या ओढणीची गोंड्याची कड. त्यात तीन. दोन ताठ झालेली, डोळ्यांच्या जागी मुंग्या. तिसरं हललं. डोळे नुकते फुटतायत, चिरेएवढे. पाठीवरचे पट्टे स्पष्ट आहेत.
सासूबाई खाली झोपलेल्या. त्यांच्या पोटावर थोडी धूळ पडली, पुसली.
साखर-मिठाचं कोमट पाणी, ड्रॉपरने. पहिलं नाकातून बाहेर आलं. दुसरं थोडं गेलं. बुटांच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे.
दोघांना खाली बदामाच्या झाडाशी पुरलं. वॉचमन म्हणाला उंदीर का? हो म्हटलं.

२२ फेब्रु., शनि.
विलासला म्हटलं, मुंग्या दिसल्या म्हणून उघडलं. तो बराच वेळ खोक्याशी बसला. म्हणजे आई खरं सांगत होती, एवढंच बोलला. मग म्हणाला तुला कसं नाही आलं ऐकू, तुझे कान तर चांगले आहेत. मी दूध गरम करायला गेले.
बोनकोड्यातून बकरीचं दूध आणलं त्याने. दर दोन तासांनी पाजते. पाजल्यावर ओल्या कापसाने खालून पुसावं लागतं, त्याशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही. आई चाटून करते ते.
गोळी आज दिली नाही. बेसिनमध्ये टाकली. विलास रोज पाकीट बघतो.

२३ फेब्रु., रवि.
विलासला घेऊन खाडीवर गेले, सोडलेली जागा दाखव म्हटलं. झाडं बघितली. दोन-तीन खारी होत्या, कुठली कोणाची कसं कळणार. तिथे उभं असताना त्याने सहज सांगितलं, त्या दिवशी पिंजरा उघडल्या उघडल्या तिथल्या एका खारीने हिला पळवलं. झाडावर चढूच दिलं नाही. ही रस्त्याकडे धावली.
पुढे?
"पुढे बघितलं नाही. वडे घ्यायचे होते."


२५ फेब्रु., मंगळ.
सासूबाई पूर्ण शुद्धीवर. सकाळी पेज मागून घेतली. जखम तशीच.
दुपारी पिल्लू कापसात गुंडाळून त्यांच्या छातीवर ठेवलं. उजवा हात त्यावर आला, हलका. मग म्हणाल्या,
"किती होती?"
"तीन."
"तुला ऐकू येत होतं."
विचारत नव्हत्या. मी हो म्हटलं.
"तिला पण तूच धरून दिलीस."
त्यालाही हो म्हटलं. माझ्या आईच्या वेळच्या फोनचं बोलावं असं फार वाटलं, वाक्य तयार होतं, बोलले नाही. त्यांना आठवत असेल किंवा नसेल.
डोळे मिटून घेतले त्यांनी. रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ती गोळी मला परत द्यायची नाही. दिलीस तर विलासला सगळं सांगेन. आणि मीनाला फोन लाव, म्हण आईचं डोकं ठिकाणावर हाय."
लावला. त्यांच्यासमोर, स्पीकरवर. मीना म्हणाली, वहिनी, मग आता काही टेन्शन नाही ना?
नाही म्हटलं.
तेव्हापासून दर थोड्या वेळाने हाक. दूध आण. बाटली थंड झाली. खिडकी उघड. मी उघडते, आणते. पिल्लू हातातून सोडत नाहीत, खोक्यात ठेवू देत नाहीत. चारला पाजायला गेले तर नको म्हणाल्या, झोपलंय, नंतर.
आता सहा वाजलेत. दारातून दिसतंय, त्यांची बोटं त्याच्या पाठीवरून फिरतायत. पिल्लाभोवतीचा कापूस हलत नाही. त्यांच्या श्वासाने हलल्यासारखा वाटतो, पण तेवढाच. जवळ जाऊन बघायला हवं. विलास सातला येतो.