तपासनीस येईपर्यंत

रविवार, ३ मार्च

आज चर्चमध्ये शास्त्रवाचन आमच्या धुलाईघराच्या मुकादमाने केलं. गांजलेल्यांना सोडवा, असा उतारा. कडक इस्त्रीचा शर्ट, घसा साफ करून, एकेक शब्द तोलून. 'गांजलेल्यांना' म्हणताना आवाज थोडा ओलाही केला.

शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिने डोळे मिटले होते. मी नव्हते मिटले. मी त्याच्या हातांकडे बघत होते. दहाच्या दहा बोटं शाबूत.

सोमवार, ४ मार्च

लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला वेडी म्हटलं तर निदान मला तरी आठवेल.

आम्ही दोघी इस्पितळाच्या धुलाईघरात. मी ओल्या चादरी झटकून सरळ करून द्यायची, धाकटी त्या इस्त्रीच्या यंत्राच्या गरम रुळांमध्ये सारायची. रुळांच्या तोंडाशी दांडी असते — हात लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. पण चादरीची चुणी लागली तरी थांबतं, आणि मग दिवसाच्या चादरी कमी भरतात. म्हणून मुकादमाने दांडी तारेने आवळून बांधून टाकली. तीन आठवड्यांपूर्वी धाकटीचा हात आत गेला. डाव्या हाताने ती दांडीवर मारत होती, मारत होती. मी धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं तेव्हा थांबलं.

आज कचेरीत त्याचा अहवाल वाचायला मिळाला. त्याने लिहिलंय — 'सदर कामगार गप्पा मारत होती.'

धाकटी! जी घरातसुद्धा तीनदा विचारल्यावर एकदा बोलते.

याला मी सोडणार नाही.

बुधवार, ६ मार्च

तक्रारीवर सह्या गोळा करतेय. घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, माझं निवृत्तीला एक वर्ष राहिलंय."

"धाकटीची तीस वर्षं राहिली होती," मी म्हटलं.

मावशींनी पेन मागितलं. पाच सह्या झाल्या.

शुक्रवार, ८ मार्च

कामगार तपासनिसांच्या कचेरीत तक्रार दिली. तिथल्या कारकून बाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी तपासनीस येतील. न कळवता. तुम्हीही बोलू नका." आठवडाभर हे गुपित जिभेखाली ठेवायचं. गोड लागतंय.

रविवार, १० मार्च

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवलं. "मुकादमासाठी प्रार्थना करतेस ना?"

"रोज करते." काय मागते ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.

मग मीच विचारलं — शास्त्रातले ते गुलामगिरीतून सुटलेले लोक समुद्र पार करून गेले, मागचे रथ बुडाले, तेव्हा बायका डफ घेऊन नाचल्या की नाही?

"सुटल्या म्हणून नाचल्या, बाई."

"रथ बुडाले म्हणूनही नाचल्या."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "वाटेत कुणी मार खाऊन पडलं असेल तर आधी त्याला उचलायचं. लुटारूंच्या मागे धावायचं ते नंतर."

लुटारूंचं पुढे काय झालं, हे बायबलातल्या त्या गोष्टीत कुणी सांगतच नाही. लहानपणापासून मला तेच ऐकायचं आहे.

सोमवार, ११ मार्च

धाकटीच्या जागी नवीन बाई आल्यात. दोन मुलं, नवरा नाही. डबा उघडण्याआधी माझ्यासारख्याच प्रार्थनेला डोळे मिटतात. कुणाशी फारसं बोलत नाहीत, मान खाली घालून काम.

मुकादम दोन दिवस रजेवर. यंत्रं दुरुस्त करणारा फिटर पक्कड घेऊन आला. "ताई, तो नाही तोवर ती तार कापून टाकतो. दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत राहू दे." त्याला तपासनिसांचं सांगावंच लागलं.

"मग फोटो काढून ठेवा की."

"फोटो काय, खोटा म्हणतील."

"आणि नवीन बाई?"

"मी आहे ना बाजूला. लक्ष ठेवीन."

तो डोकं खाजवत निघून गेला.

इथे खोटं कशाला लिहू? फोटो चालला असता. मला फोटो नको होता. सगळ्यांच्या देखत, त्या तारेसमोर उभं करून, त्याची मान खाली जाताना बघायची होती.

मंगळवार, १२ मार्च

तीन दिवस.

बुधवार, १३ मार्च

धाकटी डाव्या हाताने वेणी घालायला शिकतेय. सुटते, पुन्हा घालते. मध्येच म्हणाली, "ताई, ती तार आता नाही ना तिथे?"

"काढली," मी म्हटलं.

"देव पावला," म्हणाली आणि पुन्हा वेणीला लागली.

गुरुवार, १४ मार्च

साडेअकरा वाजता. नवीन बाई. डावा हात, मनगटापर्यंत. मी चादरींची गाडी आणायला गेले होते, दोन मिनिटंसुद्धा नाही. बटण फिटरने बंद केलं. मग माझ्याकडे बघितलं.

शुक्रवार, १५ मार्च

तपासनीस आले. तार बघितली, वाकून हात लावून बघितली. महिन्याभरात दोन हात — साहेब लोकांची बोबडी वळली. मुकादमाला तिथल्या तिथे निलंबित केलं, खटलाही होणार. सगळ्या बायका बघत होत्या. अगदी माझ्या मनासारखं.

त्याची मान खाली गेली म्हणे. मावशींनी सांगितलं. मी फिटरकडे बघत होते.

रविवार, १७ मार्च

पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले. गांजलेल्यांची बाजू घेणारी आमची बहीण, म्हणाले. बायकांनी हात हातात घेतले. एकीने तर मिठीच मारली.

घरी आल्यावर भांडी घासायला बसले. धाकटी शेजारी उभी राहून एका हाताने पुसत होती. दोन ताटं झाल्यावर म्हणाली, "तू म्हणाली होतीस, काढली."

मी नळ मोठा सोडला.

सोमवार, १८ मार्च

सकाळी नवीन बाईंच्या खाटेपाशी बसून सगळं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तिथून तपासनिसांच्या कचेरीत गेले आणि दुसरा जबाब लिहून दिला, तार कुणी राहू दिली त्याचा. त्यात मुकादमाचं नाव एकदाही आलेलं नाही.