गाव उठलं की उठवलं

९ जानेवारी १९८६

छापून आली! आमच्या मिशनचे पाळक रेव्हरंड शलमोन दिवे यांची मोहटोल्याच्या इतिहासाची पुस्तिका— बत्तीस पानं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून सुवाच्य प्रत मी केली. म्हणजे अर्धा इतिहासकार मीच! माजरीच्या खाणीत चार महिने, गडचांदूरच्या सिमेंटात सहा, आणि आता थेट इतिहासात. दहावीला दोनदा बसून दोनदा आपटलेल्या माणसानं आणखी काय मागावं?

पाळकसाहेबांना विचारलं, गाव रिकामं करताना जबरदस्ती झाली असं सरळ काऊन नाही लिहिलं? म्हणाले, "इतिहासकारानं फिर्यादी होऊ नये." वाक्य भारी वाटलं. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

१२ जानेवारी

रुखमाबुढीला पुस्तिका वाचून दाखवली. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, मोहटोला रिकामा झाला, तेव्हा ती सात वर्षांची होती. आता तिच्या घरच्यांनी जुनी शेतं अन् बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी परत मागितलंय. कचेरीत चौकशी अठ्ठावीसला; पुरावा म्हणून हीच पुस्तिका दिलीय. पान अकरावर आलो— "सन १९११ मध्ये गाव उठलं."

"उठलं नाई रे बाबू, उठवलं! हत्ती आणला होता सायबानं. माह्या बापाची चूल जळत होती, तिच्यावर पाय देल्ला त्यानं."

"तेच तं लिहिलं, बाई—"

"तेच कसं? आपल्या खुशीनं गाव उठते तं पयले देव उठवते माणूस. आमचा देव कुठी हाये?"

देव अजून तिथंच, मिशनच्या विहिरीमागे. त्याच दगडावर बसून मी रोज बोरं खातो. आजपासून बंद.

१३ जानेवारी

एक 'व' गेला! नक्की माझ्याच हातून. मूळ कागदावर काय होतं, आठवत नाही— प्रत करता करता मी मधेच पोपट बघायला गेलो होतो. गुरुजी म्हणायचेच, "लटारू, तुह्या लिहिण्यात अक्षरं जत्रेतल्या पोरांसारखी हरपते."

पाळकसाहेबांना सांगितलं. चष्मा पुसत राहिले. "झालं ते झालं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१७ जानेवारी

बुढीचा नातू इतवारी कचेरीतून आला. चौकशीच्या सायबानं पान अकरावर लाल पेन्सिल मारलीय! पाळक स्वतः लिहितो, गाव उठलं. म्हणजे लोक खुशीनं गेले. म्हणजे हक्क नाही.

"अबे लटारू, इंग्रजाले तरी हत्ती लागला. तू तं एका अक्षरात गाव खाल्लं!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवण गेलं नाही.

२० जानेवारी

पाळकसाहेबांकडे मूळ हस्तलिखित मागितलं. त्यात 'व' दिसला की सायबाला पटेल. "सापडत नाही," म्हणाले. ट्रंकेला कुलूप. किल्लीही सापडत नाही म्हणे.

२३ जानेवारी

पळून चाललो होतो. पिशवी भरली, सिरोंच्याच्या बसमध्ये बसलो. आष्टीला आलुबोंडे खायला उतरलो. तिसरा खाईस्तोवर बस गेली! पळायलाही अक्कल लागते.

पायी परत येऊन राह्यलो होतो, तर वाटेत इतवारी बैलबंडी घेऊन भेटला. बंडी थांबवली. "बस," एवढंच.

२७ जानेवारी

ठरलं. उद्या सायबासमोर सांगणार— चूक माझी. हस्ताक्षर दाखवतो, दहावीचे मार्कही दाखवतो. कोणाचाही विश्वास बसेल. रुखमाबुढीला सांगितलं. ती म्हणाली, "बोलजो बाबू. पण मधात कुठं पोपट नोको पाहू."

२८ जानेवारी

मी उभा राहिलो. तोंड उघडलं, तोच पाळकसाहेबांनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

"याची चूक नाही. 'उठलं' मीच लिहिलं होतं, जाणूनबुजून. जंगलाच्या निमित्तानं गाव हलवा म्हणून सरकारला अर्ज आमच्या मिशननं केला होता. हा बघा तो अर्ज, चाळीस वर्षं माझ्या ट्रंकेत होता. जागा आम्हांला हवी होती."