प्रिंटर सुनेचं ऐकतो

आई, तुला आधी प्रिंटर म्हणजे काय ते सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा आपल्या गावात टेलिफोन एकच होता आणि तोही बहुतेक वेळा मुकाच असायचा. प्रिंटर म्हणजे एक प्रकारची गिरणीच समज. तुझ्या गिरणीत वरून धान्य घातलं की खालून पीठ पडायचं, तसं इथं कम्प्युटरमधून मजकूर सोडायचा आणि प्रिंटरमधून छापलेला कागद घ्यायचा. फरक इतकाच, की गिरणी कधी धान्य कुणाचं ते बघत नव्हती. आमच्या प्रिंटरनं मात्र मध्यंतरी पंक्तिप्रपंच सुरू केला. सूनबाईच्या कम्प्युटरवरून सोडलेला कागद गुमान छापून द्यायचा आणि माझ्या कम्प्युटरवरून सोडला की ढिम्म.

आमचं दुकान कान्हे स्टेशनाच्या रस्त्याला आहे. झेरॉक्स काढतो, सरकारी फॉर्म भरून देतो, दाखल्यांचे अर्ज करतो. दोन टेबलं, दोन कम्प्युटर आणि मध्ये एक प्रिंटर. तुझी सातवीत शाळा सुटलेली पोर कम्प्युटर चालवते यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण चालवते. पन्नाशी उलटल्यावर बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि लागले टिपायला, कोंबडी दाणे टिपते तशी. आता पट्ट्या झिजून गेल्यात, पण बोटांना घरं माहीत झालीत. सूनबाई पदवीधर आहे, तिची बोटं पावसाच्या सरीसारखी पडतात. तरी काही माणसं माझ्याच टेबलाशी येऊन बसतात. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक आजी आहे, ती तर सूनबाई रिकामी असली तरी माझ्यापुढची माणसं उठायची वाट बघत बसते. म्हणते, "तिची बोटं लय पळत्यात, बाय. माझं बोलनं मागं ऱ्हातं. तू हळू लिव्हतीस, तवा मला समदं आठवतं." आपल्या मंदपणाचं असं कौतुक झालेलं मी तरी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही.

तर त्या आजीच्या पेन्शनचा अर्ज मी भरत होते. तासभर लागला, कारण नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती त्याचा अख्खा इतिहास सांगते. अर्ज झाला, मी छापायचं बटण दाबलं, आणि प्रिंटर गप्प. पुन्हा दाबलं, गप्प. कम्प्युटरवर एक ओळ आली की प्रिंटर ऑफलाइन आहे, म्हणजे लाइनीवर नाही. आता तो माझ्यापासून दोन हातांवर, डोळ्यांत हिरवा दिवा लावून बसलेला. त्याच वेळी सूनबाईनं तिच्या टेबलावरून कुणाचा तरी सातबारा सोडला आणि त्यानं तो घरघर करून काढून दिला. रांगेतला एक जण म्हणाला की प्रिंटरसुद्धा शेवटी सुनेच्याच बाजूचा झाला. सगळे हसले, मीही हसले, आणि आजी कागद पुढच्या खेपेला नेईन म्हणून वाडीला निघून गेली.

पुढचा आठवडाभर हेच. मी फॉर्म भरायचा, तो पेनड्राइव्हवर घ्यायचा, पेनड्राइव्ह म्हणजे करंगळीएवढी डबी, ती सूनबाईच्या कम्प्युटरला लावायची आणि तिथून छापायचं. दिवसातून तीस वेळा उठायचं. तिनं कधी कपाळाला आठी घातली नाही, पण तिचं काम खोळंबायचं हे मला दिसत होतं. मुलगा देहूरोडला डेपोत नोकरीला आहे, तो रविवारीच दुकानात फिरकतो. त्याला हे कळलं तेव्हा तो फार मायेनं बोलला, आणि मायेनं बोललेलंच जास्त लागतं बघ. म्हणाला, "आई, खूप केलंस. तुझा कम्प्युटरही आता थकलाय. पुढच्या रविवारी लोणावळ्याहून लॅमिनेशनचं मशीन आणतो, ते तुझ्या टेबलावर ठेवू. तू घरी निवांत बस."

निवांत बस. आई, तुला आठवतं, गुडघे गेल्यावर तुला हेच कुणी म्हणालं होतं, तेव्हा तू गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसलीस आणि तिथूनच सगळ्यांवर ओरडायला लागलीस? मला ओरडता येत नाही. माझ्या हातात एक आठवडा होता आणि समोर एक रुसलेला प्रिंटर.

मी काय काय केलं ते ऐक. त्याला बंद करून चालू केलं. कागद बदलले. वायर पुसली, उदबत्ती ओवाळली, खोटं कशाला बोलू. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं झाकण उघडलं आणि आतले रूळ मऊ फडक्यानं पुसत बसले. सूनबाई एकदा मान वर करून म्हणाली, "आत्या, माझे कागद येतायत ना त्यातून?" मी म्हटलं येतायत की. "मग तो चांगलाच आहे," म्हणाली आणि परत कामाला लागली. मी मात्र झाकण लावलं नाही. आणि त्या उघड्या झाकणापुढं बसल्या बसल्या मला तुझा आवाज ऐकू आला, इतका खणखणीत की मी मागं वळून पाहिलं.

मी सोळा वर्षांची आहे. गिरणीवर सात-आठ बायका डबे घेऊन उभ्या आहेत. तू घरात भाकरी टाकायला गेलीस आणि गिरणी माझ्या ताब्यात दिलीस. खालच्या आळीतल्या काकूंचे तांदूळ मी वर ओतले, तर पीठ पडेना, पडलं ते गिच्च, दगडाला लपेटायला लागलं. मी गिरणी बंद केली, पाना घेतला, नट सैल केले आणि दगड उघडायच्या बेतात होते. दगडाच्या खाचा बोथट झाल्या, टाकी लावायला हवी, असं मी बायकांना मोठ्या माणसासारखं सांगतही होते. तेवढ्यात तू पिठाच्या हातानं आलीस. काय झालं ते विचारलं नाहीस, काकूंच्या डब्यात हात घातलास, एक दाणा दाताखाली धरलास. तो कट्कन मोडला नाही, दबला. मग चारचौघींत माझ्याकडं बघून म्हणालीस, "सकाळधरनं समद्यांचं पीठ भुरभुरीत पडतंय आन एकीचंच गिच्च पडतंय, तर गिरणीला का उघडती? आदी डबा बघ. डबा." काकूंनी तांदूळ धुऊन नीट वाळवले नव्हते, मावळातल्या दमट हवेत वाळतात कुठं. बायका हसल्या. मी पोत्यांच्या मागं जाऊन बसले आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र तिसऱ्या दिवशी पुन्हा गिरणी माझ्या ताब्यात दिलीस, जणू काही झालंच नव्हतं.

मी प्रिंटरचं झाकण लावलं. गिरणी सगळ्यांची आहे, डबा माझा आहे. पण माझ्या कम्प्युटरला झालंय तरी काय? बाकी सगळं उत्तम चाललं होतं. नेट चालत होतं, फॉर्म जात होते, लेकीकडच्या नातवाचा व्हिडिओ कॉलही येत होता. तांदूळ दाताखाली धरावा तर मोडत होता चांगला कट्कन. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी मी देवाला नारळ बोलले.

शनिवारी दुपारी मी एका बाईंचा अर्ज भरत असताना माझं नेट गेलं. म्हटलं, आता हेही. सूनबाईला विचारलं, तुझं गेलं का? ती म्हणाली, "माझं चालूय, आत्या." आणि मी चमकले. एका दुकानात, एकाच खोक्यातून हवेतून येणारं नेट, तिला आहे आणि मला नाही, असं कसं? चष्मा वर करून मी कोपऱ्यातलं ते पंख्यासारखं चिन्ह दाबलं. आसपासच्या ज्या ज्या दुकानांचं नेट आहे त्यांची नावं तिथं दिसतात. आमचं नाव सगळ्यात वर होतं, पण माझा कम्प्युटर त्याला जोडलेलाच नव्हता. तो शेजारच्या भेळेच्या दुकानाचं नाव शोधत बसला होता.

आणि मग मला डबा आठवला, आई. खरोखरचा डबा. प्रिंटर रुसायच्या आदल्या आठवड्यात रस्ता खोदताना आमच्या नेटची तार तुटली होती. सूनबाई तेव्हा माहेरी गेलेली. मी शेजारच्या भेळवाल्या भाऊंकडं डबाभर शेंगदाण्याची चटणी पाठवली होती, आणि रिकामा डबा परत करायचा नाही हा नेम त्यांच्याही घरात आहे. त्यांच्याकडं त्या वेळी द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या नेटचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून डब्यात घातला आणि डबा पाठवला. केवढं कौतुक वाटलं मला. दोन दिवस मी त्यांच्या नेटवर काम केलं. प्रिंट निघत नव्हती, पण मला वाटलं तार तुटली म्हणून असेल. तार जोडली गेली, सूनबाई आली, तिचा कम्प्युटर आमच्याच घरात होता. माझा मात्र शेजारीच राहिला, पाहुणचार आवडल्यासारखा. नेट चालत होतं म्हणून कळलं नाही. प्रिंटरला कागदही आमच्या त्याच हवेतल्या नेटवरून जातात; शेजारच्या ओट्यावर बसून मी आपल्या घरातल्या प्रिंटरला हाका मारत होते, त्याला ऐकू कुठून जाणार?

मी आमच्या नावावर बोट दाबलं. क्षणभर काही नाही. मग प्रिंटरनं घसा खाकरला आणि इतक्या दिवसांत मी सोडलेलं सगळं बाहेर टाकायला सुरुवात केली. आजीचा पेन्शनचा अर्ज सात वेळा आला. रहिवासी दाखल्याचे चार आले. मी कागद गोळा करत होते आणि हसत होते, अर्जवाल्या बाईही हसत होत्या, त्यांना कारण माहीत नसताना. सूनबाईनं स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "सापडलं का, आत्या?"

रविवारी मुलगा मशीन घेऊन आला. मी त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, काकूंच्या तांदळापासून. तुझी बोली काढून, 'आदी डबा बघ' तुझ्यासारखंच म्हणून दाखवलं. त्यानं लॅमिनेशनचं मशीन हातात धरून दुकानात दोन चकरा मारल्या आणि शेवटी पंख्याखालच्या स्टुलावर ठेवलं. "टेबल तुझंच गं," म्हणाला. आजी सोमवारी आली तेव्हा तिला मी सातही प्रती दिल्या. एक सही करायला, बाकीच्या, ती म्हणाली, वाडीत दाखवायला.

इथंच संपवलं असतं, पण तुझ्यापासून काही लपवायची सवय नाही मला. पंधरा दिवसांनी मी भेळवाल्या भाऊंकडं थालीपिठाची भाजणी घेऊन गेले. ते हसत म्हणाले, "मावशी, आता नाही ना बंद करायचं आमचं नेट? त्या शनिवारी सूनबाईंनी सांगितलं, फक्त अर्धा तास बटण बंद ठेवा, कुणाला सांगू नका. इकडं ऑनलाइन पैसे देणारी गिऱ्हाइकं खोळंबली होती माझी."

मी भाजणी त्यांच्या हातात दिली आणि चुरमुऱ्यांकडं बघत उभी राहिले. म्हणजे तिला आधीच कळलं होतं. एका बोटाचं काम होतं, येऊन माझ्या कम्प्युटरवर दाबलं असतं तरी झालं असतं. पण मग पुढच्या रविवारी मुलासमोर मी काय सांगितलं असतं? आई, रागावू नकोस, तू मला डबा चारचौघींत दाखवलास, आणि मला तो जन्मभर पुरला हेही खरं. पण हिनं जे केलं ते तुला जमलं नसतं. मलाही जमलं नसतं.

मला कळलंय हे मी तिला सांगितलेलं नाही. दुकानात कुणी नवीन आलं की मी अजूनही ती गोष्ट रंगवून सांगते, आणि ती चहा ओतता ओतता अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलावते. तिला माझं कळलंय का, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र मी कम्प्युटरवर लिहिलं खरं, पण छापणार नाही. प्रिंटर आता व्यवस्थित चालतो आणि तो तिच्या हाताशी आहे. कागद आधी तिलाच मिळेल.