दादा, तुझी मुखत्यारी संपली

दादा,

'प्रिय' लिहिणार नाही. काल तुझा दहावा झाला, सगळ्यांनी तुझे गोडवे गायले आणि मी तोंड मिटून बसले. आज सोलापुरात परतले ती तशीच वकिलाकडे गेले. तिथं जे ऐकलं त्यानंतर गप्प बसवत नाही, म्हणून लिहितेय.

काल कावळा पिंडाला शिवेना. वैरागच्या ओढ्याकाठी माणसं उन्हात ताटकळली. उत्तम म्हणाला, "आण्णा, आईला सांबाळीन." तरी नाही. मग तात्याकाका माझ्याकडे वळले. "सुमे, त्याचा जीव जमिनीत अडकलाय. पोराला मुखत्यारपत्र देते म्हण. मग बग कसा शिवतोय!"

भर पाहुण्यांत! आणि तुझा लेक काय म्हणाला असेल? "आत्यानं द्यायचं काय त्यात? आण्णांची मुखत्यारी आता माज्याकडंच आली की." जणू पाटीलकीच ती, बापाकडून लेकाकडे चालत आलेली!

मी वचन दिलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. बायका कुजबुजल्या, भाऊ मेला तरी हिचं काळीज दगडाचंच. असू दे दगडाचं.

आठवतं, दुष्काळ सरला त्या दिवाळीत मी भाऊबीजेला आले होते? दुसऱ्याच दिवशी तू मला यष्टीनं बार्शीला नेलंस. "सोलापुरावनं हेलपाटे कशाला मारतीस? तलाठ्याचं, कचेरीचं मी बगतो. तू नुसती सई कर." आपले आबा गेल्यावर त्यांच्या जमिनीला तुझ्याबरोबर माझंही नाव लागलं होतं. ते तुला एवढं खुपत होतं, हे मला कुठं ठाऊक!

रजिस्ट्रारसाहेबांनी मलाच विचारलं होतं, "बाई, मजकूर समजला का? राजीखुशीनं देताय ना?" मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, "व्हय सायेब, भन हाय माजी." तुझ्या दोन दोस्तांनी मला ओळखत असल्याची साक्ष दिली. त्यातल्या एकाला मी जन्मात पाहिलं नव्हतं!

त्या कागदात विक्रीचाही अधिकार घालून घेतला होतास. माझ्या वाट्याचा विहिरीकडचा तुकडा तू विकलास, आणि मला कळलं ते तिथं परक्याचा ऊस उभा राहिल्यावर. लाज नाही वाटली? आबा ती विहीर खणत होते तेव्हा आपण दोघांनी मिळून माती ओढली होती रे.

मी भांडले. कागद मोडून टाक म्हटलं. तू शांतपणे सुपारी कातरत म्हणालास, "रजिस्टर झालेलं मोडत नसतंय, सुमे. आपल्यातलं एक मेल्यावरच सुटतंय." आणि मी खुळी, मला ते खरं वाटलं.

आज वकील म्हणाले, "मुखत्यार वारला की मुखत्यारी संपली. मुलाला ती वारसानं मिळत नाही. पण तुम्ही इतकी वर्षं थांबलात कशाला? रद्द केल्याचं लिहून, नोंदवून भावाला कळवलं असतं, तर तुम्ही तेव्हाच सुटला असतात."

दादा, म्हणजे 'मोडत नसतंय' हे खोटंच होतं! तू आजारी पडल्याची तार आली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? आता माझी जमीन सुटेल! सख्ख्या भावाच्या आजारपणात असला विचार! तुकडा विकलास, ते एक वेळ मी गिळलं असतं. पण एका खोट्यापायी तू मला तुझ्या मरणाची वाट बघायला लावलीस. हे कसं माफ करू?

काल मागितलं ते वचन मी दिलं नाही, आज माझं देते. माझ्या उरलेल्या जमिनीची मुखत्यारी कुणालाही मिळणार नाही. उत्तमला नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. पेरणीला मी स्वतः येईन आणि बांधावर उभी राहीन. उत्तमला कसायची असेल तर मला विचारून कसू दे. साहेबानं काही विचारलं तर उत्तर मी देईन, माझ्या तोंडानं.

तुझ्यासाठी रडेनही. पण राग संपल्यावर, आणि तो अजून पुष्कळ शिल्लक आहे.

तुझी सख्खी बहीण,
सुमन